कात्री नीतीची, धास्ती स्वराज्याची

‘पूर्वी सेन्सॉर कडक होतं म्हणून सिनेमे सोज्वळ होते’ हे वाक्य हल्ली कुठल्याही सिनेमाच्या वादात कुणीतरी टाकतंच. मला ते फार खटकतं. तेव्हाची कात्री नेमकी कशावर चालली, हे आधी बघा.

आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायदा झाला 1918 साली. 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला सेन्सॉर बोर्डं बसली. मुंबईच्या बोर्डाचे अध्यक्ष कोण, तर पोलीस कमिशनर! नियमही विलायतेचेच. तिथल्या सेन्सॉरचे प्रमुख टी. पी. ओ’कॉनर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात 43 कलमांची यादी केली होती, इथल्या बोर्डांनी तिचाच आधार घेतला. ती यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. नग्न देह नको, अंतर्वस्त्रांचं विनाकारण प्रदर्शन नको, मर्यादा सोडून केलेली स्नानदृश्यं नकोत. इथवर ठीक. पण त्याच यादीत मालक-मजूर संबंधांवरची दृश्यं नकोत, आणि हिंदुस्थानातले ब्रिटिश अधिकारी वाईट दिसतील असे विषयही नकोत. सगळं एकाच रांगेत, जणू एकाच जातीचं पाप.

‘भक्त विदुर’ 1921 चा, मुंबईच्या कोहिनूर कंपनीचा. गोष्ट महाभारतातली. पण द्वारकादास संपत यांनी रंगवलेला विदुर खादी आणि गांधी टोपी घालून पडद्यावर आला. कराचीत आणि मद्रासमध्ये बंदी आली.

आणि आपल्या कोल्हापूरचं काय झालं? प्रभातने 1930 मध्ये शिवरायांवर चित्रपट केला. नाव ‘स्वराज्याचं तोरण’, शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः शांतारामबापू. सेन्सॉरने आधी नावालाच हरकत घेतली, ‘स्वराज्य’ हा शब्दच नको. मग शेवट, महाराज झेंडा फडकावतात तो प्रसंग, तोही काढायला लावला. चित्रपट लागला ‘उदयकाल’ या नावाने. मिठाचा सत्याग्रह चालू असलेल्या वर्षात साहेबाला किल्ल्यावरचा झेंडा का सोसला नाही, हे कुणी समजावून सांगायला नको. त्यात अश्लील काय होतं, हे मात्र सोज्वळपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी मला जरूर सांगावं. उलट 1933 च्या ‘कर्मा’त देविका राणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन चालून गेलं.

त्याआधी, विसाच्या दशकात, अमेरिकन सिनेमांविरुद्ध मोठी ओरड झाली होती. गोऱ्या बायका पडद्यावर तोकड्या कपड्यांत प्रणय करताना दिसल्या तर ‘नेटिव्हां’च्या मनात गोऱ्यांची पत काय राहील, ही खरी काळजी. शिवाय इथली थिएटरं हॉलिवूडने काबीज केलेली आणि ब्रिटिश कंपन्यांना बाजार हवा होता. म्हणून 1927 मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समिती गावोगाव फिरली, शेकडो साक्षी घेतल्या. दादासाहेब फाळक्यांचीही साक्ष झाली. ब्रिटिश साम्राज्यातल्या चित्रपटांना खास सवलत द्यायला समितीने नकार दिला आणि देशी निर्मात्यांना मदत करा, असं सुचवलं. सरकारने अहवाल बासनात गुंडाळून ठेवला.

याच समितीला गांधीजींनी लेखी उत्तर दिलं होतं: मी कधी सिनेमाला गेलेलो नाही, पण त्याने केलेलं वाईट उघड दिसतं, चांगलं काही केलं असेल तर ते अजून सिद्ध व्हायचंय. गांधीजींबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच हे वाचून जास्त वाईट वाटतं. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या विदुरावर सरकारने बंदी घातली होती, आणि तरी सिनेमाची बाजू घ्यावी असं त्यांनाही वाटलं नाही. घरंदाज बाई कॅमेऱ्यासमोर येईना म्हणून 1913 मध्ये फाळक्यांना तारामतीचं काम साळुंके या पुरुषाकडून करून घ्यावं लागलं होतं. सिनेमाला हलकं लेखण्यात आपली मोठी माणसंही सामील होती, त्यामुळे सरकारला कात्री चालवणं सोपं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये आपण नवा सिनेमॅटोग्राफ कायदा केला. आधी सरकारी मंडळाला दाखवा, मग लोकांना, ही 1918 ची अट त्यात तशीच ठेवली, आणि ती आजही लागू आहे.