होतकरू बंदूकवाल्यास अनाहूत सल्ला

बंदुकांच्या चोरट्या धंद्यात उतरायचं तुमचं ठरलंच असेल, तर आधी मुहूर्त बघा. विसाव्या शतकाची पहिली नऊ वर्षं उत्तम. १९१० उजाडलं की ग्रह फिरतात.

जन्म कुठे घ्यायचा, याचाही विचार व्हावा. हिंदुस्थानात शक्यतो नको. लॉर्ड लिटनसाहेबांच्या १८७८ च्या कायद्यापासून इथे परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा आहे. १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आली. त्यातलं एक नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर चाललं आणि पिस्तुलं पाठवल्याबद्दल सावरकरांना जन्मठेप झाली. आकडा चुकला, दुसरं काय! वीस नगांना कट म्हणतात. वीस हजार नग आणले असते आणि शेवटी बीजकं जोडली असती, तर त्याला आयात म्हणाले असते.

तेव्हा ओमानच्या सुलतानाच्या राजधानीत, मस्कतला दुकान टाका. बर्मिंगहॅमची बंदूक आणा, बेल्जियममधल्या लिएजची आणा. दिवसाढवळ्या, आगबोटीतून, खोक्यावर नाव-पत्ता लिहून आणा. सुलतान फैसल बिन तुर्की शेकडा पाच जकात घेतो आणि पुढे काही विचारत नाही. बंदरावर उतरेपर्यंत तुमच्या मालाइतका सोज्वळ माल अरबी समुद्रात सापडायचा नाही. पाप त्याला तिथून पुढे, अफगाणिस्तानाकडे जायला गलबतात चढल्यावर लागतं.

तरी एखादा आरमारी कप्तान अतिउत्साही निघतोच. जानेवारी १८९८ मध्ये ‘लॅपविंग’ या इंग्रज युद्धनौकेने ‘बलुचिस्तान’ नावाची बोट मस्कतजवळ अडवून आतल्या बंदुका जप्त केल्या. त्या वेळी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर, तिराहच्या डोंगरात आफ्रिदी पठाण इंग्रज फौजेला गोळ्या घालत होते, त्यामुळे कप्तानाचं चुकलं असं आपल्याला वाटणार नाही. माल ज्यांचा होता त्या लंडनच्या पेढीला मात्र वाटलं. तिने कप्तानावर दावा लावला आणि तो थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९०२ साली निकाल कप्तानाच्या बाजूने लागला, पण का? तर सुलतानाने झडतीची परवानगी देणारा जाहीरनामा काढला होता म्हणून. या बंदुका शेवटी कोणाच्या छातीवर रोखल्या जातील, हा मुद्दा निकालाला लागत नव्हता.

यातून धडा घ्या आणि फ्रेंच मित्र जोडा. १८४४ च्या तहाने फ्रेंचांना मस्कतमध्ये व्यापाराची मोकळीक आहे आणि तिच्यावर कुरघोडी करणं लंडनला पॅरिसच्या भीतीने जमत नाही. अंतोनां गोगुये यांची ओळख काढा. हे गृहस्थ अरबी व्याकरणाचे पंडित. इब्न मालिकचा हजार ओळींचा व्याकरणग्रंथ त्यांनी फ्रेंचमध्ये आणलेला. मस्कतमध्ये बंदुका विकतात. व्याकरणात पैसा नसतो हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

फ्रेंच निशाणही हाताशी असू द्या. ओमानच्याच सूर बंदरातल्या खलाशांनी ते वर्षानुवर्षं डोलकाठीवर चढवलं, कारण त्याखालच्या गलबताची झडती इंग्रजांना घेता येत नसे. एवढ्याशा फडक्यापायी दोन साम्राज्यं हेगच्या लवादापुढे उभी राहिली. १९०५ च्या निकालाने ही सोय बरीच आवळली. त्यामुळे नवं निशाण मागायला जाऊ नका, जुनं मिळालेला माणूस शोधा.

आता उंट. गिऱ्हाईक म्हणजे अफगाणांची गिलझई जमात आणि ते तांडे घेऊन स्वतः समोरच्या, इराणी मकरानच्या किनाऱ्यावर येतं, हे तुमचं भाग्य. हंगाम हिवाळ्याचा, उन्हाळ्यात त्या वाटेवर माणूस टिकत नाही आणि पावसाळ्यात दर्या गलबत टिकू देत नाही. मार्टिनी-हेन्री बंदूक भरते चार किलोच्या आतबाहेर, उंट दीडशे किलो सहज नेतो. हिशोब कागदावर झकास जमतो. त्यात काडतुसं, पीठ आणि पाण्याच्या पखाली धरल्या की तो मोडतो, आणि जो पखालींत काटकसर करतो त्याच्या बंदुका मागून येणाऱ्याला फुकट मिळतात. इराणच्या शहाचं राज्य इथे नकाशापुरतं आहे. खरं राज्य बियाबानच्या मीर बरकतचं, कारवानच्या खलिफा खैर मुहंमदचं. त्यांचा वाटा द्या, माल त्यांच्याकडे ठेवा, घासाघीस करू नका. पुढे बमपूर, सरहद, हेलमंद, कंदाहार. किंमत दर मुक्कामाला वाढत जाते आणि खैबरच्या आसपास कित्येक पटींवर पोचते. तिथला आफ्रिदी रोख देतो. खिंड सांभाळल्याबद्दल त्याला इंग्रज सरकारचा तनखा असतो ना!

१९१० ला ग्रह फिरतात म्हणालो, ते इंग्रज आरमाराच्या ॲडमिरल स्लेड यांच्यामुळे. त्यांनी इराणच्या आखातात नौकांचा पहारा बसवला आणि गलबतं धडाधड पकडली. आगाऊ पैसे भरून आलेले अफगाण किनाऱ्यावर रिकामे उंट घेऊन बसले. चिडून जास्क या इराणी बंदरातल्या इंग्रजांच्या तारघरावर जाऊ नका. तिथे फौज आणलेली आहे. दुबईलाही नको. डिसेंबर १९१० मध्ये ‘हायसिंथ’ युद्धनौकेचे सैनिक बंदुका शोधायला तिथल्या घरांत शिरले, चकमक उडाली आणि सदतीस अरब मेले. मग ॲडमिरलसाहेबांनी दंड मागितला : पन्नास हजार रुपये आणि चारशे बंदुका. चालू स्थितीतल्या, हे बजावून. शहरात बंदुका नसाव्यात म्हणून छापा घालायचा आणि दंडही बंदुकांतच मागायचा, ही युक्ती तुम्हाला-मला सुचली नसती.

समुद्र बंद झाला तरी खचू नका. पेशावरच्या दक्षिणेला, कोहाटच्या खिंडीत दर्रा आदमखेलला जा. तिथले लोहार कानशीने इंग्रजी बंदुकीची हुबेहूब नक्कल करतात, वर राणीचं चिन्हसुद्धा ठोकतात. अक्षरं कधी उलटसुलट पडतात, पण गोळी वाचता येत नाही म्हणून थांबत नाही. पहाऱ्याने अस्सल माल महागला, तेव्हा नकलेलाही भाव येणारच.

तरीही माझं ऐकाल तर मस्कतचं दुकान सोडू नका. सप्टेंबर १९१२ मध्ये सुलतानाने सरकारी वखार काढली आणि सगळ्या बंदुका तिच्या कुलपाआड नेल्या. बुडालेल्या जकातीपोटी इंग्रजांनी त्याला वर्षाला लाख रुपये लावून दिले. फ्रेंच दुकानदारांनी आरडाओरडा केला, पॅरिसने तो लंडनला ऐकवला आणि १९१४ साली त्यांनाही भरपाई मिळाली. म्हणून पावत्या जपा, वकिलातीत ओळख ठेवा आणि नाव फ्रेंच वाटेल असं काहीतरी घ्या. उंटवाल्याने अर्ज कुठे करायचा ते विचारू नका. त्याचा नमुना छापलेला नाही.