पाच हजारांच्या आतली चोरी

पार्किंग, स्पीकर, भटकी कुत्री असल्या कारणांसाठी उपनगरांतले लोक उठसूट ११२ फिरवतात आणि पोलिसांचा वेळ खातात, हा मी वाचलेल्या एका लेखाचा सूर काही पटला नाही. परवानगीचे मोजके दिवस सोडले तर रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायचा नाही, हा नियम २००० सालापासून आहे. शेजाऱ्याला सांगायला गेलं की तो अंगावर येतो. मग फोन कुणाला करायचा? सोसायटीच्या सेक्रेटरीला? हळदीत सगळ्यात पुढे तेच नाचत असतात.

खरी गोम चोरीत आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरली. म्हणजे ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. आमच्या जिन्याखालची सायकल गेली, मागोमाग गच्चीवरचे पितळी नळ. ठाण्यात हवालदारसाहेबांचा पहिला प्रश्न: "केवढ्याची होती? बिल आहे?" सात वर्षं जुन्या सायकलचं बिल कोण जपून ठेवतं हो! एनसीचा कागद घेऊन परत आलो. सीसीटीव्हीत पोरगा लख्ख दिसतोय, नळ पिशवीत टाकून आरामात फाटकातून बाहेर पडतोय. त्याला बहुधा नवा कायदा आमच्याआधी कळला असावा. हवालदारांवर राग नाही, त्यांचे हात बांधलेले आहेत. मोबाईल गेला तर निदान सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर त्याचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून ब्लॉक तरी करता येतो. सायकलचं काय करायचं?