थर दिसले म्हणजे गाळाचा खडक नव्हे

खडक ओळखण्यावरचा लेख चांगला आहे, पण त्यात दिलेली ‘थर दिसले की गाळाचा खडक समजावा’ ही खूण सह्याद्रीत साफ फसवी. घाटातल्या कड्यांवर पायऱ्यांसारखे दिसणारे आडवे थर लाव्हाचे आहेत, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरून थिजलेले.

फरक पाहायचा तर वेरूळ आणि बदामीची लेणी लागोपाठ बघा. वेरूळचा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला खडक) काळपट, कण डोळ्यांना वेगळे दिसणार नाहीत इतके बारीक. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं त्यात जागोजागी राहिलीत आणि काहींत पुढे झिरपत्या पाण्यातून झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक भरले. बदामीचा तांबूस वालुकाश्म मात्र वाळूचाच, म्हणजे खरा गाळाचा खडक. बोट फिरवा (मूर्तीवर नको, बाहेरच्या कड्यावर!), कण हाताला लागतात. काही थरांत तिरकस रेघा दिसतात, वाळू वाहत आली त्या प्रवाहाची दिशा सांगणाऱ्या.

जीवाश्मांबद्दल लेखात लिहिलंय ते बरोबर, बेसॉल्टमध्ये ते शोधू नयेत. पण लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात तळी साचली, त्यांचा गाळ आत दबला. नागपूरजवळ टाकळीला अशाच गाळात गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष मिळालेत.