विमर यांनी पोलिओ ‘बनवला’, म्हणून पोलिओचा विषाणू खोटा?

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: पोलिओचा विषाणू आजवर कोणी वेगळा केलेलाच नाही, त्याचा जनुकक्रम संगणकाने जुळवला, आणि 2002 मध्ये अमेरिकेतले विषाणूशास्त्रज्ञ एकार्ड विमर यांनी तो प्रयोगशाळेत ‘बनवला’ ही त्याचीच कबुली. विमर यांचं काम न वाचताच त्यांना साक्षीला उभं केलंय.

‘वेगळा केलेलाच नाही.’ 1908 मध्ये व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर यांनी पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क माकडांना टोचला, तेव्हा तोच आजार माकडांत उतरला. 1949 मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी विषाणू मानवी ऊतींत वाढवला, 1955 मध्ये त्याचे स्फटिक झाले, 1985 मध्ये क्ष-किरणांनी त्याची त्रिमितीय रचना दिसली. या मुद्द्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

‘क्रम संगणकाने जुळवला.’ पोलिओचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा (अक्षर म्हणजे त्याचा एक रासायनिक घटक). विमर यांच्या न्यूयॉर्कमधल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या गटाने 1981 मध्ये तो वाचला, तो हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) वाढवलेल्या विषाणूतून आरएनए शुद्ध करून. पडताळा प्रथिनांकडूनही घेतला: विषाणूच्या प्रथिनांच्या सुरुवातीची अमिनो आम्लं वेगळी ओळखली आणि ती आरएनएतल्या नेमक्या कुठल्या जागेशी जुळतात ते पाहिलं. त्याच वर्षी एमआयटीत राकानिएलो आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे जवळजवळ तोच क्रम काढला. शिवाय त्यांनी त्या आरएनएची डीएनए प्रत प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूंतल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात) बसवून पेशींत सोडली, तर पेशींतून जिवंत विषाणू बाहेर पडला. म्हणजे ‘बनवण्या’ची गोष्टही 2002 ची नाही, त्याच्या 21 वर्षं आधीची आहे.

आता 2002. चेयो, पॉल आणि विमर यांनी सरासरी 69 अक्षरांचे डीएनएचे तुकडे मागवले. त्यांची टोकं एकमेकांवर चढतील अशी आखणी होती. ते जोडून आधी काहीशे अक्षरांचे खंड केले, मग त्यांतून तीन मोठे. प्रत्येक खंडाच्या अनेक प्रती वाचून चुकलेल्या बाद करायच्या किंवा दुरुस्त करायच्या, यातच बराच वेळ गेला. कारण पोलिओची सगळी प्रथिनं एकाच अखंड साखळीतून कापली जातात. अक्षरं तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात, त्यामुळे मध्ये एक अक्षर गळलं की ही फोड सरकते आणि पुढचं सगळं निरर्थक होतं. घरबसल्या करायचं काम नव्हे हे. पूर्ण डीएनएवरून टी-7 पॉलिमरेज या विकराने आरएनए तयार केला आणि तो केंद्रक काढून टाकलेल्या हेला पेशींच्या अर्कात घातला. जिवंत पेशी एकही नसताना त्यातून संसर्गक्षम विषाणू मिळाला. ही अर्काची युक्ती विमर यांच्याच गटाने 1991 मध्ये दाखवली होती.

बाहेरचा पोलिओ चुकून मिसळला नसेल कशावरून? म्हणून क्रमात मुद्दाम काही अक्षरं बदलून खुणा पेरल्या होत्या, आणि मिळालेल्या विषाणूत त्या सापडल्या. पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप 1 (बनवलेला प्रकार हाच) विरुद्धच्या प्रतिपिंडांनी तो निष्प्रभ झाला. मानवी सीडी-155 ग्राहक (ज्याला धरून पोलिओ पेशीत शिरतो ते प्रथिन) बसवलेल्या उंदरांना त्याने लुळं केलं.

मजकूर लिहिणाऱ्यांनी खरं तर पुढचा भाग वाचायला हवा होता. हा विषाणू मूळ विषाणूपेक्षा उंदरांत हजार ते दहा हजार पट सौम्य निघाला. 2005 मध्ये त्याच गटाने कारण शोधलं: खुणेसाठी बदललेलं 103 क्रमांकाचं एक अक्षर, ए च्या जागी जी. एका अक्षराने लकवा आणण्याची ताकद इतकी घटत असेल, तर रोग त्या क्रमातून येतो याहून थेट पुरावा कुठला मागायचा?

‘हे सगळं कागदावरचं,’ असंही कोणी म्हणेल. मुंबईचं एंटरोव्हायरस रिसर्च सेंटर (आता राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र) सांडपाण्याच्या नमुन्यांतून पोलिओ शोधतं, तेव्हा हाच क्रम कामी येतो. व्हीपी-1 हा विषाणूच्या कवचातल्या एका प्रथिनाचा सुमारे 900 अक्षरांचा भाग वाचून तोंडावाटे देण्याच्या लशीतल्या दुर्बल सॅबिन विषाणूशी ताडतात. टाइप 1 किंवा 3 मध्ये 10 वा अधिक, टाइप 2 मध्ये 6 वा अधिक अक्षरं वेगळी असली, तर तो लशीपासून उपजलेला विषाणू ठरतो. बदलाचा वेग वर्षाला साधारण एक टक्का, त्यामुळे तो किती महिने फिरतोय याचा अंदाज त्याच वाचनातून निघतो.