दोन फूट बर्फ घरबसल्या कसा पाडावा

न्यू जर्सीत जानेवारी उजाडला की मराठी मंडळाच्या संक्रांतीचं आमंत्रण आणि मोसमातल्या पहिल्या मोठ्या वादळाचा नकाशा, दोन्ही व्हॉट्सॲपवर साधारण एकदमच येतात. आमंत्रण दोन दिवसांनी उघडलंत तरी चालेल. नकाशा मात्र ताबडतोब पुढे ढकला. त्यावरची तारीख दहा दिवसांनंतरची हवी, रंग जांभळा हवा आणि आपल्या एडिसन गावावर 26 इंच बर्फ लिहिलेला हवा. हा नकाशा कुठल्या मॉडेलचा, असं विचारणारा एखादा प्रत्येक ग्रुपात असतो. त्याला अंगठा दाखवणारी इमोजी पाठवा आणि पुढे चला.

असे नकाशे मिळवणं अवघड नाही. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारा संगणकाचा प्रोग्रॅम, दिवसातून चार वेळा चालतं आणि सोळा दिवसांपुढचं चित्र काढतं. म्हणजे रोज चार संधी. पहाटेच्या रनमध्ये वादळ समुद्रात निघून जाईल, दुपारच्या रनमध्ये पाऊस दिसेल, संध्याकाळी पुन्हा 26 इंच. ज्यातून हे वादळ जन्माला यायचंय ती खळबळ अजून पॅसिफिकवर असते आणि तिथे हवेत फुगे सोडून मोजमाप घेणारी ठाणी फारशी नाहीत, म्हणून आकडे असे उड्या मारतात. पण तुम्हाला कारणाशी काय करायचंय? युरोपियन मॉडेल तर आणखी सोयीचं आहे. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ते तोच अंदाज पन्नास वेळा काढतं. पन्नासांचा कल कुठे आहे हे हवामानतज्ज्ञ बघतात. तुम्ही त्यातला सर्वांत भयंकर एक उचला.

एक गोष्ट चुकूनही शिकू नका. मॅसॅच्युसेट्सच्या नँटुकेट बेटाच्या दक्षिणेला समुद्रात, 40 अंश उत्तर आणि 70 अंश पश्चिम, असा एक बिंदू आहे. ईशान्येकडचे अनुभवी अंदाजकार आधी वादळाचं केंद्र त्याच्या कुठल्या बाजूने जातंय ते बघतात. जवळून गेलं तर किनाऱ्यावरच्या शहरांना बर्फ. फार पूर्वेला सरकलं तर नुसता वारा. पश्चिमेला किनाऱ्याकडे सरकलं तर समुद्रावरची उबदार हवा साधारण दीड किलोमीटर उंचीवर आत घुसते. तिथे तापमान शून्याच्या जरासं वर गेलं की कण वितळतो, खाली येताना पुन्हा गोठतो आणि काचेवर टकटक वाजणारं स्लीट पडतं. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो, स्लीट मात्र दोन-तीन इंचच. फुकट मिळणारे बरेच नकाशे स्लीटलाही बर्फ समजून सरसकट दहाने गुणतात. जांभळा रंग येतो तो बऱ्याचदा असा. एवढं कळलं तर नकाशा पुढे ढकलण्यातली मजाच गेली.

राष्ट्रीय हवामान सेवेच्या अंदाजापासूनही जपून राहा. मध्य आणि दक्षिण जर्सीचा अंदाज माउंट हॉलीच्या कार्यालयातून येतो, ईशान्य जर्सी आणि न्यूयॉर्क शहराचा लाँग आयलंडवरच्या अप्टनमधून. हे लोक एका वादळासाठी तीन नकाशे देतात: अपेक्षित आकडा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. तिसऱ्या नकाशावर स्पष्ट लिहिलेलं असतं की याच्यावर जाण्याची शक्यता दहात एक. ती ओळ कापून स्क्रीनशॉट घ्या. 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे, 'वॉर्निंग' म्हणजे ते जवळजवळ नक्की आहे किंवा सुरूच झालंय. हा फरक पुसून टाका आणि दोन्हींना ब्लिझर्ड म्हणा. ब्लिझर्डचा इंचांशी काही संबंध नसतो. ताशी 35 मैलांचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत, पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता, आणि हे सलग तीन तास. नवा बर्फ अजिबात न पडता, खालचाच उडूनही ब्लिझर्ड होतो. असं सांगणाऱ्याला संक्रांतीला तिळगूळ द्या. गोड बोलण्याची गरज त्याला आहे.

वादळ हुकलं की मात्र अंदाजकाराला फाडून खायचं. पुण्याच्या वेधशाळेला नावं ठेवत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. जानेवारी 2015 मध्ये न्यूयॉर्कला दोन फुटांचा इशारा होता, सबवे रात्रभर बंद ठेवली, आणि सेंट्रल पार्कात पडला 9.8 इंच. माउंट हॉलीचे प्रमुख गॅरी शॅटकोव्स्की यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. त्याच वादळात पाऊणशे किलोमीटरवरच्या आयस्लिपला 24.9 इंच पडला, मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टरला 34.5. वादळ खोटं नव्हतं, त्याची कडा थोडी पूर्वेला सरकली होती. मार्च 2017 मध्ये स्लीटने घात केला आणि सेंट्रल पार्कात 7.6 इंचांवर भागलं. आकडे खाली येताना दिसत होते, तरी लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून इशारा तसाच ठेवला होता. तेव्हा अंदाज बदलला तर 'यांना काही कळत नाही' म्हणा आणि नाही बदलला तर 'आधीच का नाही सांगितलं' म्हणा.

आता खरेदी. ती आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, सगळ्यांबरोबरच करायची. अमेरिकन माणूस ब्रेड आणि दूध नेतो. तुम्ही देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर जाऊन तीन गॅलन दूध, दोन डबे दही, कोथिंबिरीच्या चार जुड्या आणि वीस पौंड तांदूळ घ्या. वीज गेली तर काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर ते कसे शिजणार, हा विचार वीज गेल्यावर करता येतो. (गॅसची शेगडी बहुतेक वेळा काडीने पेटते, ओव्हन पेटत नाही.) चिवडा, खाकरे, शेंगदाण्याचे लाडू असलं न शिजवता खाता येणारं काही आणू नका. बॅटऱ्या नकोतच. विहिरीवरचं घर असेल तर पंपही विजेवर चालतो, म्हणून बादल्या मुळीच भरून ठेवू नका.

मीठ मात्र पोत्यांनी आणा. वीस फुटांच्या ड्राइव्हवेला एक मोठा कॉफीचा मग भरून मीठ पुरतं म्हणतात. तुम्ही पन्नास पौंडांचं अख्खं पोतं ओता, आणि तेही न काढलेल्या दहा इंच बर्फावर, म्हणजे ते वरच्या वर विरघळेल आणि तळाची काच तशीच राहील. साधं मीठ 15 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे 9 सेल्सियसच्या खाली जवळजवळ हात टेकतं. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं किंवा निदान पाय टिकायला वाळू. वाळू महाग नाही, त्यामुळे घ्यावीशी वाटत नाही.

बर्फ उडवून फेकणारं यंत्र, स्नो ब्लोअर, गॅरेजात असेलच. गेल्या मार्चमधलं पेट्रोल टाकीत तसंच असेल तर उत्तम. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. आठ-नऊ महिन्यांत ते पाणी ओढून घेतं, कार्ब्युरेटरच्या वाटीत चिकट थर धरतो आणि जेटचं बारीक भोक बुजतं. मग यंत्र चोक ओढल्यावर खोकतं, दहा सेकंद चालतं आणि मरतं. मोसम संपताना टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवणं किंवा पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालणं हे शेजाऱ्याचं काम. शिअर पिन, म्हणजे पात्याला धरणाऱ्या मुद्दाम कमकुवत खिळ्या, जास्तीच्या ठेवू नका. बर्फाखाली गाडलेलं वर्तमानपत्र ऑगरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पात्यात, गेलं की पिन तुटते, तुटण्यासाठीच ती असते, आणि नेमकी त्याच दिवशी दुकानं बंद असतात. बर्फ बाहेर फेकणारी नळी, म्हणजे च्यूट, ओल्या बर्फाने तुंबली तर मात्र गंमत बाजूला ठेवा: इंजिन बंद केल्यावरही ताण साठलेला असतो आणि पातं एक वेढा घेऊ शकतं. हात घालू नका, काठी घाला.

फावड्याने बर्फ काढायचा, म्हणजे शव्हल करायचं असेल तर वादळ पूर्ण थांबू द्या. दर तीन-चार इंचांनी एकदा बाहेर येणारे लोक उगाच चारदा बूट घालतात. वीस बाय चाळीस फुटांच्या ड्राइव्हवेवर फूटभर साधा बर्फ म्हणजे जवळजवळ 2,300 किलो. ओला असेल तर दुप्पट. वर्षभर जिना न चढलेल्या माणसाने तो सकाळी उपाशीपोटी, ढकलण्याऐवजी उचलून आणि खांद्यावरून मागे टाकत काढावा. कार्डिऑलॉजिस्टही त्या दिवशी ड्यूटीवर असतात.

ड्राइव्हवेच्या टोकाशी पोचलात की रस्ता साफ करणारा ट्रक, प्लाऊ, येईल आणि तीन फुटांची घट्ट भिंत बांधून जाईल. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की प्लाऊ डावीकडून येतो. म्हणून काढलेला बर्फ उजवीकडे टाकून डाव्या बाजूला कडेला थोडी जागा मोकळी केली, तर त्याच्या पात्यावरचा ढीग तिथेच गळतो. ही युक्ती कळूनही सगळा बर्फ डावीकडेच रचण्यात एक स्वाभिमान आहे.

गाडीच्या काचेवर हाताएवढी खिडकी खरवडा आणि निघा. टपावरची लादी टर्नपाइकवर मागच्या गाडीवर उडाली आणि कोणाला लागलं तर न्यू जर्सीत दोनशे ते हजार डॉलर दंड आहे. न उडताच पकडलं तर पंचवीस ते पंचाहत्तर. इथेही दोन गोष्टी थट्टेच्या बाहेरच्या: इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, आणि घराच्या भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे पांढरे पाइप वाहून आलेल्या बर्फाखाली गेले नाहीत ना ते बघा. जनरेटर घरापासून वीस फूट लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटी मोजमाप. हवामान सेवेचे मोजणारे मोकळ्या जागी पांढरी फळी ठेवतात आणि सहा तासांत एकदाच ती साफ करतात, त्याहून जास्त वेळा नाही, कारण दर तासाला पुसत गेलं की बर्फ दबायला वेळ मिळत नाही आणि बेरीज फुगते. जानेवारी 2016 मध्ये सेंट्रल पार्कचा आकडा आधी 26.8 इंच जाहीर झाला, 2006 च्या विक्रमाला एक दशांश कमी. नंतर तपासणी होऊन तो 27.5 झाला आणि विक्रम मोडला. तुम्हाला तपासणीची गरज नाही. वाऱ्याने जिथे ढीग लावलाय त्या कुंपणाच्या कोपऱ्यात पट्टी खुपसा, जमीन लागल्यावर आणखी दोन इंच माती खणा, आणि पुण्याला फोन लावून आकडा फुटांत सांगा. इंचांत सांगितला तर तिकडे कोणी दचकत नाही.