‘लिनक्सवर अडलात तर कोणी वाली नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्या आसपासपासून एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टम) टाकायच्या भानगडीत पडू नका, कारण अडलं तर कस्टमर केअर नाही, नेटवर विचारलं तर अपमान करून हाकलतात, सापडतात ती उत्तरं दहा वर्षं जुनी, सगळं इंग्रजीत, विचारायचंच असेल तर एआयला विचारा नाहीतर सरळ नवीन मशीन घ्या. हे वाचून लोक धडधाकट लॅपटॉप भंगारात काढतायत, शिकणाऱ्या पोरांच्या घरी नसता खर्च उभा राहतोय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा कस्टमर केअरचा. उबुंटू किंवा मिंट (लिनक्सचे तयार प्रकार, म्हणजे डिस्ट्रो) फुकट उतरवून घेतलं तर सोबत फोन नंबर मिळत नाही हे खरंय. पैसे देऊन सपोर्ट हवा असेल तर रेड हॅट, सुसे, कॅनॉनिकल या कंपन्या तो विकतात, पण घरच्या माणसाला त्याची गरज पडत नाही. कारण फोनवर मिळालेलं उत्तर त्या दोघांतच राहतं, आणि इथे एकाला मिळालेलं उत्तर सगळ्यांसाठी उघडं पडून असतं. ऑगस्ट २०२४ चं उदाहरण घ्या. विंडोजचा एक अपडेट आला आणि ज्यांच्या मशीनवर विंडोज-लिनक्स दोन्ही होतं त्यातल्या बऱ्याच जणांचं लिनक्स चालू होईना, काळ्या स्क्रीनवर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ एवढंच यायचं. ती ओळ जशीच्या तशी सर्चमध्ये टाकली की इलाज समोर यायचा, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट ही सुरू होतानाची तपासणी बंद करा, लिनक्स चालू करा, टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) मोकयुटिलची एक कमांड देऊन ती एसबॅट पॉलिसी (जुने बूट प्रोग्राम अडवणारा नियम) काढून टाका, एकदा रीस्टार्ट करून परत लिनक्समध्ये या, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू. मायक्रोसॉफ्टनेही प्रॉब्लेम मान्य केला. एररचा मजकूर आपल्या शब्दांत न सांगता जसा आलाय तसाच शोधायचा, निम्मं काम तिथेच होतं.

आता ‘हाकलतात’ हा मुद्दा, इथे जरा थांबूया कारण यामुळे लोक सगळ्यात जास्त बिचकतात. लिनक्सच्या जगात तोंडाळपणा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या जहाल मेल्सबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाला, आणि कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांसाठी, आचारसंहिता आली. पण तो कर्नल लिहिणाऱ्यांचा आपसातला मामला होता, वायफाय चालत नाही म्हणून विचारणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. या माणसाला अपमान वाटतो तो बहुतेक वेळा प्रश्न बंद केला गेल्याचा, आणि त्याचं कारण साधं असतं, प्रश्न चुकीच्या दारात गेलेला असतो. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे म्हणून लोक मिंटचा प्रश्न आस्क उबुंटू या प्रश्नोत्तरांच्या साइटवर टाकतात, पण तिथे फक्त उबुंटू आणि त्याचे कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटूसारखे अधिकृत फ्लेवरच चालतात, सपोर्ट संपलेली व्हर्जन्सही चालत नाहीत. प्रश्न बंद होतो, माणूस दुखावतो, आणि पुढे सगळ्यांना सांगत सुटतो की हे लोक माजलेत. तोच प्रश्न युनिक्स अँड लिनक्स स्टॅक एक्स्चेंज या साइटवर किंवा मिंटच्या स्वतःच्या फोरमवर टाकला तर नियमात बसतो.

दुसरं म्हणजे प्रश्न कसा विचारला. ‘वायफाय चालत नाही, प्लीज हेल्प, अर्जंट’ याला जगातला कुठलाही तज्ज्ञ उत्तर देऊ शकत नाही, कारण कंपनी तीच, मॉडेल तेच, आणि आतलं वायफाय कार्ड मात्र वेगळं असू शकतं. टर्मिनलवर एलएसपीसीआय ही कमांड डॅश एनएनके लावून (lspci -nnk) द्या, यादीत नेटवर्क कंट्रोलर लिहिलंय तिथे चौकटी कंसात एक आयडी दिसेल, समजा १०ईसी:सी८२१ (10ec:c821), म्हणजे रिअलटेकचं आठ हजार आठशे एकवीस सीई हे कार्ड. त्याच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का बघा. ती ओळच नसेल तर कार्डाला ड्रायव्हर लागलेलाच नाही, आणि ओळ असून नेट नसेल तर दुखणं वेगळं, कदाचित वायफाय नुसतं ब्लॉक झालेलं, ते आरएफकिल लिस्ट (rfkill list) या कमांडने कळतं. तो आयडी, डिस्ट्रोचं नाव आणि व्हर्जन एवढं सर्चमध्ये टाका, तुमच्याच कार्डाशी झगडलेली माणसं सापडतील. नेटच नाही तर शोधू कशावर असं वाटेल, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक मशीनवर लगेच नेट येतं. टर्मिनलची भीती वाटत असेल तर मिंटमध्ये सिस्टम इन्फॉर्मेशन नावाचं अ‍ॅप आहे (आधीच्या व्हर्जनमध्ये त्याचं नाव सिस्टम रिपोर्ट्स), त्यात सगळी कुंडली तयार असते, कॉपी करून प्रश्नाला चिकटवायची. एवढं दिलं की उत्तर देणाऱ्याचा सूरच बदलतो, हे मी कितीदा तरी बघितलंय.

‘उत्तरं जुनी’ हा मुद्दा मात्र बऱ्यापैकी बरोबर आहे. उबुंटूने २०१५ मध्ये, १५.०४ पासून सिस्टमडी (मागे चालणारे प्रोग्राम, म्हणजे सर्व्हिस, सांभाळणारी व्यवस्था) घेतलं, त्यामुळे सर्व्हिस चालू-बंद करायच्या त्याआधीच्या बऱ्याच सूचना आज लागू होत नाहीत. डेबियन या डिस्ट्रोचंही तसंच, वायफायचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारी फाइल) वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन बसा हे एकेकाळी बरोबर होतं, पण जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. पण जुनं उत्तर ओळखणं अवघड नाही, उबुंटूच्या नंबरातच साल आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, आणि मिंट २२ हे त्याच २४.०४ वर बांधलंय, म्हणून त्याची उत्तरं बहुतेक वेळा मिंटवरही लागू पडतात. शिवाय आर्च या डिस्ट्रोची आर्चविकी ही माहितीची साइट आहे, लोक ती सतत दुरुस्त करत असतात, आणि तुम्ही आर्च वापरत नसलात तरी इन्स्टॉलच्या कमांड सोडून बाकी समजावणी बहुतेक उपयोगी पडते. धोका आहे तो समजून न घेता सुडोवाली (सिस्टममध्ये काहीही बदलायचा अधिकार देणारी) कमांड चिकटवण्यात, परमिशनची अडचण आली की सगळ्या सिस्टमला सीएचमॉड ७७७ मारा, म्हणजे प्रत्येक फाइल कोणालाही बदलता येईल अशी करा, असं सांगणारे अजूनही भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. काहीही करण्याआधी टाइमशिफ्ट या अ‍ॅपने सिस्टमचा स्नॅपशॉट घ्या, बिघडलं तर मागे जाता येतं.

इंग्रजीचं म्हणाल तर हो, बहुतेक उत्तरं इंग्रजीतच आहेत. पण मराठीत काहीच नाही हे खोटं, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट आहेत, आणि अगदी पहिल्या पायरीपासून आहेत. ज्यांनी सिस्टमच मराठीत ठेवलीय त्यांच्यासाठी एक युक्ती, एरर मराठीत आली की सर्चमध्ये काही सापडत नाही, अशा वेळी कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी (LC_ALL=C) लिहा, तीच एरर इंग्रजीत येईल. सिस्टमची भाषा बदलायची गरज नाही.

एआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे, एररचा अर्थ समजून घ्यायला जरूर वापरा, पण त्याने दिलेली कमांड तशीच चालवू नका. तो नसलेल्या पॅकेजची नावं आणि नसलेले ऑप्शन बेधडक सांगतो, आणि सांगताना जराही अडखळत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर साइटने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली ती याच कारणाने, दिसायला बरोबर आणि असायला चूक. पॅकेज खरंच आहे का ते एपीटी शो (apt show) या कमांडने बघा, ऑप्शन खरा आहे का ते मॅनपेजमध्ये (man आणि कमांडचं नाव टाकलं की उघडणाऱ्या माहितीत) बघा. आणि एआयला लिनक्सचं जे काही येतं त्यातलं बरंचसं लोकांनी उघड्यावर लिहिलेल्या उत्तरांतूनच आलंय. उद्या सगळेच बंद खिडकीत विचारायला लागले तर नव्या कार्डाचा इलाज लिहून ठेवणार कोण? म्हणून तुमचा प्रॉब्लेम सुटला की कशाने सुटला ते त्याच प्रश्नाखाली लिहा, मराठीत वेगळं लिहिलंत तर अजून चांगलं.

राहिला ‘नवीन मशीन घ्या’. काही गोष्टी लिनक्सवर खरंच चालत नाहीत, विशेषतः काही फिंगरप्रिंट रीडर, त्यांना ड्रायव्हरच नाही, आणि नेटवर तसं स्वच्छ लिहिलेलं सापडलं की त्यावर रात्री घालवू नका. पण हे पैसे खर्च करण्याआधी कळू शकतं. मिंट पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवा, वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेस बघा, झाकण लावून परत उघडल्यावर मशीन जागं होतं का तेही बघा. यातलं जे चालणार नाही त्याचा आयडी घेऊन शोधा, आणि मग लॅपटॉप ठेवायचा की काढायचा ते ठरवा.