कमलाबाई 'पहिल्या' होत्या, ते झालंच. पुढचं काय?

महिला दिन आला की एक फॉरवर्ड हमखास येतो. भारतीय सिनेमातली पहिली नायिका कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. (निम्म्या फॉरवर्डमध्ये आजीची पणजी झालेली असते. पणजी म्हणजे कमलाबाईंची आई दुर्गाबाई कामत, त्याही लेकीच्या पहिल्या सिनेमात होत्या.) खाली दहा नमस्कार, आणि संपलं.

मला या 'पहिली'चाच कंटाळा आलाय.

'राजा हरिश्चंद्र'मधला हौदाचा प्रसंग यूट्यूबवर आहे, बघा. ओल्या साड्या नेसून पाण्यात खेळणाऱ्या त्या सगळ्या बायका म्हणजे पुरुष. तारामती झालेले अण्णा साळुंके मूळचे हॉटेलातले. फाळक्यांना बाई मिळेना. तिकडे रंगभूमीवर बालगंधर्व शालू नेसून राज्य करत होते आणि खरी बाई उभी राहिली की लोक नाक मुरडत होते. अशा काळात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई मुलीला घेऊन नाटक कंपनीत राहत होत्या. १९१३च्या फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आई पार्वती झाली, लेक मोहिनी. लेकीचं वय तेरा-चौदा.

गंमत बघा, संगीत नाटकात वाढलेली, गाणारी पोर. आणि तिचा पहिला सिनेमा मुका!

पण खरी कमलाबाई त्यानंतर सुरू होते. लग्न झालं तेही नाटकातल्याच रघुनाथराव गोखल्यांशी. पंचविशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात तीन मुलगे. त्या काळच्या विधवेनं काय करावं हे ठरलेलं होतं. बाईंनी तोंडाला रंग लावला. मुलगे पुढे कोण झाले? चंद्रकांत गोखले नट, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात. पुरुषांच्या भूमिकाही केल्या कमलाबाईंनी. साळुंक्यांचा हिशोब उलट्या बाजूनं चुकता केला म्हणायचा. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

१९८०च्या 'गहराई'त दिसतात तेव्हा बाई ऐंशीच्या घरात आहेत.

रीना मोहन यांनी पुढे त्यांच्यावर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला. शरीर थकलंय, पण जुन्या नाटकातलं भाषण आठवलं की आवाज असा काही लागतो की मी मोबाईलचा आवाज कमी केला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, शेजारी झोपलेले.

पुढच्या आठ मार्चला काही पाठवायचंच असेल तर तो माहितीपट पाठवा.